जुनं पेन दुरुस्तीला आणताय? आधी गरम पाण्यात घालू नका

दुकानात जुनी फाऊंटन पेनं घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगावं लागतं, म्हणून हे माहितीपत्रक छापलं आहे. आजोबांच्या कपाटात पेन सापडतं, शाई वाळून दगड झालेली असते आणि मग बहुतेक जण ते कढत पाण्याच्या पेल्यात उभं करून ठेवतात. कृपया हे करू नका. एवढं एक पाळलंत तर आमचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही.

१९२०-३० च्या सुमाराची काळी पेनं बहुधा एबोनाइटची असतात. भरपूर गंधक घालून शिजवलेलं कडक रबर म्हणजे एबोनाइट. राजमहेंद्रीच्या रत्नमसारखी आपल्याकडची कितीतरी ड्रॉपरची पेनंही (ज्यांच्या दांडीत थेट ड्रॉपरने शाई भरतात ती) त्याचीच. उजेड आणि दमट हवेने वर्षानुवर्षांत वरच्या थरातलं गंधक बिघडत जातं. डोळ्यांना पेन काळंच दिसतं, पण गरम पाणी लागलं की काही मिनिटांत तो थर रंग सोडतो. नौपाड्यातल्या एका गिऱ्हाइकाने आणलेल्या खटक्याच्या पेनावर (दांडीवरचा खटका उचलून शाई भरायच्या) पाणी जिथवर होतं तिथवर चहाचा रंग चढला होता. मग एक सरळ रेघ आणि रेघेच्या वर काळंभोर. टोपण बाहेर राहिलं होतं म्हणून तेवढं बचावलं.

‘पॉलिश करून द्या’ असं अशा वेळी हमखास सांगितलं जातं. घासून काळं करता येतं, पण घासताना दांडीवर कोरलेलं कंपनीचं नाव आणि बारीक नक्षीही निघून जाते. संग्राहक भिंगाखाली सगळ्यात आधी तेच बघतो. काळा रंग फासून पेन नवं दाखवायचं काम आम्ही घेत नाही. त्यात पुढच्या घेणाऱ्याची फसवणूक आहे.

दुसरं नुकसान आत होतं. खटक्याच्या पेनात रबराच्या नळीला दाबणारी पट्टी पोलादी असते. दांडीत पाणी शिरलं की ठाण्याच्या पावसाळ्यात ते वाळता वाळत नाही, पट्टी गंजते आणि पाच मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं. रंगीत, शिंपल्यासारखी चमकणारी पेनं सेल्युलॉइडची असली तर गरम पाण्यात दांडी वाकडी होते. नेलपॉलिश काढायचं द्रव किंवा स्पिरिट लागलं तर पृष्ठभागच विरघळतो. ओळखायची साधी खूण सांगतो. दांडी अंगठ्याने जोरात चोळून हुंगा. रबराचा वास आला तर एबोनाइट, कापराचा आला तर सेल्युलॉइड.

काही करायचंच असेल तर नळाचं साधं पाणी वाटीत घ्या आणि निबेचं फक्त टोक, जिभेसकट (निबेखालची शाई आणणारी खाचांची पट्टी), अर्धा तास बुडवा. पाणी निळं झालं की बदला, मग जुन्या सुती कापडावर निब टेकवून ठेवा. तरीही पेन उघडलं नाही तर तसंच घेऊन या. वाळलेल्या शाईचा आम्हाला काहीही त्रास नाही.

‘तुम्हीसुद्धा गरमच करता की!’ असं कुणी म्हणतं. करतो, पण कोरड्या उष्णतेने, थोडं थोडं, बोटांना सोसेल इतकंच. अनेक पेनांचे जोड लाखेने बसवलेले असतात. ती लाख मऊ व्हायला धीर धरावा लागतो, म्हणून आम्ही ‘उभ्या उभ्या करून द्या’ला नाही म्हणतो.

१९४१ साली बाजारात आलेलं पार्कर ५१ मुद्दाम वेगळं सांगायला हवं. त्याची निब टोपीसारख्या आवरणात लपलेली असते आणि ती नळीच्या आकाराची असते, पुढून ओढून निघत नाही. पकडीने ओढलेल्या निबा आमच्याकडे येतात आणि बहुतेक वेळा त्या वाचत नाहीत. उलट १९४८ नंतरच्या दाबून शाई भरायच्या ५१ मधली पारदर्शक नळी बहुधा अजून ठणठणीत असते. गिऱ्हाइकाने बदला म्हटलं तरी ती आम्ही बदलत नाही, धुऊन देतो. तुमचा तेवढा खर्च वाचतो.

आता किमतीचं. निब १४ कॅरेटची असली तरी सोनं एक ग्रॅमसुद्धा भरत नाही, त्यामुळे सोन्याच्या भावाने हिशेब मांडू नका. पार्करसारखं दिसणारं चिनी हिरो ६१६ घरोघरी होतं. लिहायला ते छान आहे, पण ते पार्कर नव्हे. दट्ट्या दाबून शाई भरायच्या जुन्या अमेरिकी ५१ च्या दांडीवर बारीक आकडा दिसला तर तो वर्षाचा शेवटचा अंक: ५ म्हणजे १९४५. आजोबांचं नाव कोरलेलं असेल तर विकताना किंमत थोडी उतरते. तरी ते खोडू नका, खोडलेल्या पेनाला त्याहून कमी मिळतं.

फोटो पाठवून भाव विचारू नका, आम्ही सांगत नाही. टोपणाच्या कडेची केसाएवढी चीर आणि निबेच्या टोकावरचा कठीण धातूचा दाणा, ज्याला सगळे इरिडियम म्हणतात, फोटोत दिसत नाहीत. किंमत मुख्यतः त्यावरच ठरते. पेन समोर आणा, भिंगाखाली तुम्हालाही दाखवतो. बघण्याचे पैसे घेत नाही.

दुरुस्त झालेल्या पेनात चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई कधीही भरू नका. तिच्यातली लाख जिभेच्या खाचांत बसली की निघत नाही. फाऊंटन पेनची साधी निळी शाई, ड्रॉपर आणि आट्यांना लावायचं सिलिकॉन ग्रीस काउंटरवर मिळेल. ड्रॉपरच्या पेनाला ग्रीस लावून दिल्याशिवाय आम्ही ते हातात देत नाही, खिशाला डाग पडलेले फार पाहिले आहेत.

येताना टोपण, सुटलेली क्लिप, तुटलेल्या रबराचे तुकडेसुद्धा काडेपेटीत घालून आणा. त्या तुकड्यांवरून नव्या नळीचं माप कळतं. नवी मुंबईकडून येणाऱ्यांनी आधी फोन करावा, म्हणजे त्या मापाची नळी काढून ठेवू.