शेजारच्या खाटेवरचा माणूस

मुरलीकांत पेटकरांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला, त्या जानेवारी २०२५ मध्ये त्यांची कहाणी पुन्हा सगळीकडे फिरली. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहून सुवर्णपदक घेऊन आले. कहाणीखाली बहुतेकांनी एकच वाक्य लिहिलं होतं: ‘इच्छाशक्ती असेल तर काहीही शक्य आहे.’ पेटकरांपुढे मी नतमस्तक आहे. पण सुरुंगात पाय गेलेल्या, आठवडाभरापूर्वी शुद्धीवर आलेल्या जवानाच्या उशाशी बसून हेच वाक्य म्हणून बघा. आपण अजून खाटेवर आहोत ते मन कमकुवत म्हणून, असाच अर्थ त्याला लागेल. मागच्या जन्मीचं पाप आणि या जन्मीची कमी पडलेली इच्छाशक्ती, दोन्हींत दोष जखमी माणसाच्याच माथी बसतो.

मग उभारी येते कुठून? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बॅन्डुरा यांनी १९७७ साली याचा नीट उलगडा केला. ‘हे मला जमेल’ या भरवशाला त्यांनी सेल्फ-एफिकसी म्हटलं आणि त्याचे चार झरे सांगितले: स्वतः करून पाहणं, दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी तरी धीर देणं आणि त्या घडीची शरीराची अवस्था, म्हणजे धडधड, थकवा, वेदना. यात पहिला झरा सगळ्यांत भक्कम. त्यामानाने धीराचे शब्द कच्चे, कारण ते अनुभवावर उभे नसतात.

आता त्या जवानाचा हिशेब मांडा. नव्या पायावर तो एकही पाऊल चाललेला नाही, म्हणजे पहिला झरा कोरडा. शरीर ठणकतंय, म्हणजे चौथा उलट दिशेने वाहतोय. हाताशी राहतो तो दुसरा, आणि त्याला एक अट आहे. समोरचा माणूस आपल्यासारखा असावा लागतो. दोन धडधाकट पायांवर आलेल्या डॉक्टरकडे बघून मेंदू स्वतःविषयी काहीच अंदाज बांधत नाही. गुडघ्यावरून पाय गेलेला शिपाई काठी टेकत आला की बांधतो.

मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट याच्या पुढची आहे. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मायकेनबॉम यांनी १९७१ साली सापाला घाबरणाऱ्या लोकांना दोन तऱ्हेची माणसं दाखवली. काही जण सापाला बेधडक हात लावत होते. काही आधी घाबरत, अडखळत आणि मग भीतीवर मात करत. बघणाऱ्यांची भीती जास्त कमी झाली ती अडखळणाऱ्यांमुळे. निर्दोष नमुन्यातून शेवट तेवढा कळतो. अडखळणाऱ्याकडून मधल्या पायऱ्या कळतात. म्हणून जखमी सैनिकाला भेटायला पाठवायचा सोबती ‘हिरो’ असण्याची गरज नाही. ‘पहिले तीन महिने मी कुणाशी बोललो नव्हतो’ हे तो मोकळेपणी सांगू शकला पाहिजे.

जेम्स कुलिक आणि हाइके माहलर यांनी १९८७ साली हृदयाच्या बायपासची वाट पाहणाऱ्या पुरुषांबद्दल हेच दाखवलं. खोलीतला सोबती शस्त्रक्रिया होऊन गेलेला असेल, तर रुग्णाची धास्ती कमी होती. ऑपरेशननंतर तो जास्त चालला-फिरला आणि घरीही लवकर गेला.

सैनिकांमध्ये हे त्याच्या कितीतरी आधी घडून गेलं होतं. इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिनस्टेडला दुसऱ्या महायुद्धात होरपळलेले वैमानिक आर्चिबाल्ड मॅकिंडो या सर्जनकडे येत. चेहरा पुन्हा घडवायला ते कातडीची पट्टी एक टोक न तोडता उचलून नळीसारखी शिवायचे, म्हणजे रक्तपुरवठा चालू राही, आणि दुसरं टोक चेहऱ्याला जोडायचे. ते रुजेपर्यंत आठवडेच्या आठवडे तोंडावर ती सोंड. नवा आलेला वैमानिक ते बघून हादरत असणार. पण पलीकडच्या खाटेवर सोंड काढून झालेला, त्याच्यापलीकडे नवं नाक आलेला! स्वतःचं पुढचं वर्ष त्याला एका नजरेत दिसे. अधिकारी आणि साधे हवाई सैनिक एकाच वॉर्डात राहत. १९४१ साली या रुग्णांनीच ‘गिनी पिग क्लब’ काढला आणि पुढे त्याचे ६४९ सभासद झाले.

पुण्यातलं सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचं, खडकीचं पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांचं, पुनर्वसन केंद्र १९७४ पासूनचं. अशा ठिकाणी जुने आणि नवे एकत्र येतात, आणि कितीतरी ज्ञान तिथे हातोहात पुढे जातं. कापलेल्या पायाचा उरलेला भाग दिवसभरात थोडा आक्रसतो. सकाळी घट्ट बसलेलं सॉकेट, म्हणजे तो भाग जिथे बसतो ती कृत्रिम पायाची खोबण, संध्याकाळी ढिलं पडतं, घासतं, फोड येतो. जुना जाणकार खिशात एक जादा मोजा ठेवतो आणि दुपारी त्या भागावर चढवतो. किंवा तो सहज विचारतो, ‘नसलेल्या पायाची बोटं खाजतात का रे रात्री? माझी अजून खाजतात.’ आपल्याला वेड लागत चाललंय, या भीतीने ही गोष्ट कुणालाच न सांगितलेला पोरगा त्या रात्री पहिल्यांदा बोलतो.