उपास वेगळा, मांसवर्ज्य वेगळं

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा कॅथलिकांचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, ऑफिसात कुणीतरी हमखास डबा पुढे करतं. "साबुदाण्याची खिचडी आहे, तुमच्या उपासाला चालते ना?" चालते. पण दोन जेवणांच्या मध्ये खाल्ली तर उपास मोडतो. समोरचा चक्रावतो, आणि खरं सांगायचं तर वसईतले कॅथलिकही इथे अडखळतात. मराठीत उपास म्हटला की पहिला प्रश्न 'काय चालतं?' हाच. एकादशीला भात नाही, पण वरीचे तांदूळ पोटभर. चर्चच्या नियमांत 'काय' आणि 'किती' हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत.

'किती'चा नियम म्हणजे उपास. दिवसातून एकदा पोटभर जेवायचं, शिवाय दोनदा थोडंसं. ती दोन खाणी मिळूनही एका जेवणाएवढी होता कामा नयेत. मधे तोंड चाळवायचं नाही. नुसता चहा किंवा पाणी चालतं. हा उपास सक्तीचा वर्षात दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). तोही वयाची 18 पूर्ण झाल्यापासून 59 पूर्ण होईपर्यंत. 1966 साली पोप पॉल सहावे यांनी नियम सैल केले. त्याआधी नियमाप्रमाणे रविवार सोडून उपवासकाळातला प्रत्येक दिवस उपासाचा होता.

'काय'चा नियम म्हणजे मांसवर्ज्य. मटण-चिकन बंद, अंडी, दूध, मासे चालतात. हे त्या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी. (19 मार्चचा संत जोसेफचा सण शुक्रवारी आला तर मात्र बंदी नाही.) इथे वयाची 14 पूर्ण हवीत, वरची मर्यादा नाही. म्हणजे सत्तरीची आजी उत्तम शुक्रवारी तीनदा पोटभर जेवली तरी नियमात बसते, फक्त ताटात मटण नको. तिच्या पंधरा वर्षांच्या नातवाचंही तसंच. पंचवीस वर्षांच्या नातीला दोन्ही लागू. प्रत्यक्षात आजीच दिवसभर कोऱ्या चहावर काढते, ती गोष्ट वेगळी. आजाऱ्याला सूट असते, हे तिला कुणी सांगून पाहावं!

आता मासे. शुक्रवारी मटण टाळून तळलेलं पापलेट घेतलं तर नियम अक्षरशः पाळला जातो. पण चांगल्या पापलेटचा भाव पाहिला की मला हसू येतं. त्यापेक्षा बोंबलाचं कालवण त्या दिवसाला जास्त शोभतं.

'उपवासकाळासाठी यंदा काय सोडलंस?' हा प्रश्न या दोन्हींच्या बाहेरचा. चॉकलेट, दारू, मोबाइलवरची रील्स, यांतलं काहीच सोडायची सक्ती नाही. तो आपण होऊन केलेला नेम. म्हणूनच 'रविवारी चालेल का?' याचं उत्तर कायद्यात शोधू नये. राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, 46 दिवस होतात, त्यातले सहा रविवार वजा केले की 40. या हिशेबाने रविवारी सूट घेणारे आहेत, न घेणारेही आहेत.

निवडताना मी एवढंच बघतो, की सोडलेल्या वस्तूचे पैसे उरतात का. प्रार्थना, उपास आणि दान हे तिन्ही बरोबरीने सांगितलेले आहेत, आणि उरलेले पैसे दानाच्या डब्यात टाकता येतात. मूळचाच शाकाहारी असलेल्या माझ्या एका मित्राला मांसवर्ज्य फुकटात पडतं. त्याने यंदा ऑफिसखालचा वडापाव सोडलाय.