शेवटच्या पाच मिलिग्रॅमचं गणित

नैराश्यावरच्या एस्सिटालोप्राम या औषधाची १० मिलिग्रॅमची गोळी वर्ष-दीड वर्ष घेतली. बरं वाटतंय, तेव्हा आता कमी करूया असं ठरतं. पंधरा दिवस अर्धी गोळी आणि मग बंद. अर्ध्या गोळीवर काहीच होत नाही. बंद केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र मान वळवली की डोक्यात शॉक बसल्यासारखा झटका येतो, जिना उतरताना तोल जातो, मळमळतं, पहाटे तीनला जाग येते, कारण नसताना डोळे भरून येतात. घरचे म्हणतात, ‘बघ, आजार परत आला.’ पुष्कळदा तो आलेलाच नसतो. सगळ्यांत उंच पायरी शेवटी होती आणि ती एका उडीत उतरली, एवढंच झालेलं असतं.

ही पायरी उंच का, हे समजलं की औषध सोडण्याचं वेळापत्रक आपोआप वेगळं आखलं जातं. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पुढे दिलेले आकडे डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावेत म्हणून आहेत, परस्पर डोस कमी करायला नव्हेत. आजार शांत होऊन किमान सहा महिने झाल्याशिवाय हा विषय सहसा काढूच नये. नैराश्याचे झटके वारंवार येऊन गेले असतील तर औषध दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चालू ठेवायला सांगतात.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही औषधं मेंदूतलं सेरोटोनिन (पेशींमध्ये संदेश पोचवणारं रसायन) परत शोषून घेणारं वाहक प्रथिन अडवून धरतात. वेन्लाफॅक्सिन आणि ड्युलॉक्सेटिन त्याच्या जोडीला नॉरअॅड्रेनॅलिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचं प्रथिनही अडवतात. महिनोन्‌महिने असं चाललं की मेंदू त्या वाढीव संदेशांशी जुळवून घेतो आणि ते संदेश टिपणाऱ्या काही रिसेप्टरांची संवेदनशीलता कमी होते. औषध थांबलं की ते शरीरातून काही दिवसांत निघून जातं, पण मेंदूची जुळवणी मोडायला आठवडे, कधी महिने लागतात. त्रास होतो तो या मधल्या काळात. याला व्यसन म्हणणं चूक आहे. गोळीची तलफ येत नाही, डोस वाढवत नेण्याची ओढही नसते. पण शरीराला तिची सवय होते, हे नाकारणंही तितकंच चूक. नैराश्यावरच्या औषधांच्या पहिल्या पिढीतल्या इमिप्रामिनच्या बाबतीत असा त्रास १९५९ मध्येच नोंदवला गेला होता. तरीही ‘आठवडाभर थोडं जाणवेल’ एवढ्यावर रुग्णाची बोळवण पुढे कितीतरी वर्षं होत राहिली.

किती जणांना त्रास होतो, यावर बराच वाद झाला. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या विश्लेषणात औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना किमान एक लक्षण जाणवलं. पण औषध नसलेली खोटी गोळी थांबवलेल्यांतही हे प्रमाण १७ टक्के होतं. म्हणजे खास औषधामुळे होणारा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास सुमारे ३५ जणांत एकाला. त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत लोकांनी औषध काही आठवडे किंवा महिनेच घेतलेलं होतं. पाच-दहा वर्षं गोळी घेणाऱ्याने हा आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नये.

औषधाची जातही महत्त्वाची. रक्तातली मात्रा निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुष्य. वेन्लाफॅक्सिनचं ते जेमतेम ५ तास, शरीरात त्यापासून तयार होणाऱ्या सक्रिय घटकाचं ११ तास. म्हणून सकाळची गोळी राहिली तर काहींना संध्याकाळीच कळतं. ड्युलॉक्सेटिनचं सुमारे १२ तास, पॅरॉक्सेटिनचं २१, सर्ट्रालिनचं २६, एस्सिटालोप्रामचं ३० तासांच्या आसपास. फ्लुओक्सेटिन आणि त्याचा सक्रिय घटक मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. ते स्वतःच हळूहळू उतरतं, त्यामुळे त्याचा त्रास कमी असतो आणि जो होतो तो दोन ते सहा आठवड्यांनीही सुरू होऊ शकतो. तोवर गोळीची आठवणही राहिलेली नसते आणि चक्करीसाठी मानेचा एक्स-रे काढला जातो. पॅरॉक्सेटिन सगळ्यांत खोडकर. ते आपलं विघटन करणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं, त्यामुळे डोस कमी झाला की विघटनाचा वेग वाढतो आणि पातळी अपेक्षेपेक्षा झपाट्याने घसरते.

आता पायरीचं गणित. मेंदूच्या पेट (PET) स्कॅनमधून वाहक प्रथिनांपैकी किती टक्के अडवली गेली आहेत हे मोजता येतं. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये हे आकडे औषध सोडण्याच्या प्रश्नाला लावून दाखवले. एस्सिटालोप्रामचंच जवळचं औषध असलेल्या सिटालोप्रामच्या २० मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के प्रथिनं अडतात. डोस तिप्पट, म्हणजे ६० केला तरी आकडा ८८ च्या आसपासच थांबतो. खाली येताना उलटं होतं. सुमारे ९ मिलिग्रॅमला ७० टक्के, साडेपाचच्या आत-बाहेर ६० टक्के, ३.४ ला ५०, २.३ ला ४०, दीडला ३०, ०.८ ला २० आणि ०.४ च्याही खाली १० टक्के. २० वरून ९ वर येताना मेंदूला फक्त १० टक्क्यांचा फरक जाणवतो. ५ वरून थेट शून्यावर आलं तर जवळजवळ साठ टक्क्यांचा. अर्धी गोळी सोपी का गेली आणि ‘आता तर किती कमी डोस आहे’ म्हणत ती बंद केल्यावर तोल का गेला, याचं उत्तर या आकड्यांत आहे. दर वेळी सारखेच मिलिग्रॅम न कापता आत्ता चालू असलेल्या डोसचा ठरावीक हिस्सा कापायचा, म्हणजे डोस उतरेल तसे तुकडे लहान होत जातात.

एस्सिटालोप्रामचे १० मिलिग्रॅम ढोबळपणे सिटालोप्रामच्या २० बरोबर धरतात. त्यावरून १०, ७.५, ५, ३, २, १, अर्धा आणि मग शून्य असा आराखडा निघतो. प्रत्येक टप्प्यावर दोन ते चार आठवडे थांबलं तर सगळं मिळून तीन ते सहा महिने लागतात. औषध काही आठवडेच घेतलं असेल तर इतकं ताणायची गरज नसते, महिनाभरातही सुटतं. उलट, पूर्वी एकदा सोडताना हाल झाले असतील तर सहा महिनेही कमी पडू शकतात. कॅलेंडरपेक्षा लक्षणांवर भर द्यावा. मागच्या कपातीचा त्रास निवळल्याशिवाय पुढची कपात नको.

एक दिवसाआड गोळी घेऊन डोस ‘अर्धा’ करण्याची पद्धत अजूनही सर्रास सांगितली जाते. फ्लुओक्सेटिनला ती चालते. इतरांना नाही. एस्सिटालोप्रामच्या दोन गोळ्यांत ४८ तास गेले तर रक्तातली मात्रा एक तृतीयांशावर येते, पॅरॉक्सेटिनची पाचव्या हिश्श्याच्या जवळ. म्हणजे दर दोन दिवसांनी मेंदूला एक छोटा विथड्रॉवल (औषध सुटल्याचा त्रास) आणि पुन्हा भरती. डोस लहान करायचा, पण रोज त्याच वेळी घ्यायचा.

मग ३ मिलिग्रॅम आणायचे कुठून? नेदरलँड्समध्ये २८ दिवसांच्या पुड्यांची पट्टी मिळते, तिच्यात रोजचा डोस किंचित उतरत जातो. ब्रिटनमध्ये बऱ्याच औषधांचं द्रव रूप लिहून देतात. आपल्याकडे केमिस्टकडे सहसा एस्सिटालोप्राम ५, १० आणि २० चं, सर्ट्रालिन २५ पासून वरचं. ५ च्या खाली यायचं तर साध्या, झटपट विरघळणाऱ्या गोळीचं पाणी करणं हा एक मार्ग. डॉक्टर किंवा फार्मासिस्ट यांना विचारूनच तो वापरावा. १० मिलिग्रॅमची गोळी चमच्याच्या पाठीने बारीक करून पाणी घालत एकूण १० मिलिलिटर करायचं. म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. गोळी पूर्ण विरघळत नाही, कण तळाशी बसतात, म्हणून जोरात हलवून लगेच हवं तेवढं सिरिंजमध्ये ओढायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. चव कडू असते. सर्ट्रालिनच्या पाण्याने तर जीभही थोडा वेळ बधिर होते, त्याला घाबरू नये.

सिरिंज घेताना एक चूक नेहमी होते. घरात इन्शुलिनची सिरिंज असते, तीच वापरली जाते. तिच्यावरच्या खुणा मिलिलिटरच्या नसून युनिटच्या असतात, आणि आपल्याकडे ४० युनिटला १ मिलिलिटर आणि १०० युनिटला १ मिलिलिटर अशा दोन्ही मिळतात. अर्धा मिलिलिटर म्हणजे एकीवर २० आणि दुसरीवर ५०. त्यापेक्षा सुई नसलेली, मिलिलिटरच्या खुणा असलेली साधी सिरिंज घ्यावी.

‘सीआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘ईआर’ असं लिहिलेली गोळी मात्र कधी ठेचू नये. दिवसभरात सुटायचं औषध एकदम सुटतं. ड्युलॉक्सेटिनच्या दाण्यांवर तर जठरातल्या आम्लापासून वाचवणारा थर असतो, तो फुटला की औषधच नासतं. वेन्लाफॅक्सिन आणि ड्युलॉक्सेटिनची कॅप्सूल उघडून काही दाणे कमी करण्याचा मार्ग काही डॉक्टर सुचवतात. दाणे न चावता गिळायचे. कॅप्सूल दर वेळी त्याच कंपनीची हवी, कारण दाण्यांची संख्या कंपनीगणिक बदलते आणि काहींच्या कॅप्सूलमध्ये दाण्यांऐवजी चिमुकल्या गोळ्या निघतात. फार अवघड गेलं तर डॉक्टर आधी फ्लुओक्सेटिनवर नेऊन तिथून उतरवतात.

भारतात आणखी एक गुंता आहे. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेली जोडगोळी इथे फार खपते. ती बंद केली की दोन औषधं एकाच दिवशी सुटतात, आणि क्लोनाझेपाम अचानक सोडल्यावर घबराट, थरथर, प्रसंगी फिट येऊ शकते. गोळी अर्धी केली तर दोन्ही अर्धी होतात, एकच कमी करता येत नाही. आधी दोन्ही औषधं वेगळ्या गोळ्यांत लिहून घ्यावीत, मग डॉक्टर ठरवतील त्या क्रमाने एकेक उतरवावं. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय इथे कामी येते.

आता आजार आणि विथड्रॉवल वेगळे कसे ओळखायचे. पहिली खूण वेळेची. विथड्रॉवल डोस कमी केल्यावर बहुधा काही दिवसांत सुरू होतो, आजार आठवड्यांनी-महिन्यांनी हळूहळू डोकं वर काढतो. दुसरी खूण लक्षणांची. डोक्यातले झटके, डोळे बाजूला फिरवल्यावर येणारी झिणझिण, गरगरणं, सर्दी-तापासारखी कणकण, भडक स्वप्नं ही नैराश्याची लक्षणं नव्हेत. रडू, चिडचिड, धडधड दोन्हींत असते, घोटाळा तिथेच होतो. तिसरी खूण, आधीचा डोस परत सुरू केल्यावर एक ते तीन दिवसांत उतार पडला तर ते विथड्रॉवलच असण्याची शक्यता जास्त, कारण नैराश्यावर गुण यायला आठवडे लागतात. म्हणून रोज दोन ओळींची नोंद ठेवावी: तारीख, डोस, झटके किती, झोप किती, मन कसं, ० ते १० गुण. ‘गेले काही दिवस बरं नाही’ यापेक्षा डॉक्टरांना ती वही जास्त उपयोगी पडते.

सौम्य त्रासात बहुतेक वेळा काहीच बदलायचं नसतं, त्याच डोसवर एक-दोन आठवडे जास्त थांबायचं. सहन होत नसेल तर डॉक्टरांना सांगून शेवटच्या सोसलेल्या डोसवर परत जायचं आणि पुढची कपात निम्मी करायची. चक्कर असेपर्यंत दुचाकी बाजूला ठेवावी. मळमळ असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी. झोपेसाठी दारूचा आधार घेतला तर मध्यरात्रीची जाग आणि दुसऱ्या दिवशीची धडधड वाढते. कणकण वाटली म्हणून खोकल्याचं औषध स्वतःच्या मनाने आणलं जातं, त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन शरीरात असताना ते धोक्याचं ठरू शकतं. कंबरदुखीवर दिल्या जाणाऱ्या ट्रॅमाडॉलचंही तसंच.

वेळ कुठली निवडायची हेही डॉक्टरांशी बोलून ठरवावं. लग्नसराई, बारावीचं वर्ष, घर बदलणं, बाळंतपण, नुकताच झालेला मृत्यू, यांत सुरुवात नको. मुलांकडे अमेरिकेला सहा महिने जाणाऱ्या आई-बाबांनी तर पुरेशा गोळ्या आणि प्रिस्क्रिप्शन बरोबर ठेवावं. तिथे पोहोचल्यावर स्ट्रिप संपली म्हणून झालेलं ‘सोडणं’ सगळ्यांत वाईट. गरोदरपणाचा विचार असेल तर सोडायचं की चालू ठेवायचं हा वेगळाच हिशेब असतो, तो आधी करावा.

डोस कमी करताना एका जागी बसवेनासं झालं, पाय सतत हलवावेसे वाटू लागले, आत्महत्येचे विचार आले, किंवा झोप नसतानाही अंगात भलताच जोर आणि बडबड सुरू झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. ते सापडत नसतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तातडी असेल तर जवळचं रुग्णालय गाठावं.

शून्यावर पोहोचल्यावरही तपासणी थांबवू नये. ब्रिटनमधल्या ‘अँटलर’ चाचणीत दीर्घकाळ औषध घेऊन बरं वाटत असलेल्या ४७८ जणांचा वर्षभर मागोवा घेतला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचं नैराश्य परतलं, सोडलेल्यांपैकी ५६ टक्के. म्हणजे सोडलेल्यांपैकी चव्वेचाळीस टक्के वर्षभर ठीक होते, आणि गोळी चालू असलेल्यांतही बऱ्याच जणांना आजाराने गाठलं. त्यामुळे शेवटच्या डोसनंतर पहिल्या महिन्यात एकदा, मग दर दोन-तीन महिन्यांनी वर्षभर भेट ठरवावी, आणि जाताना ती वही बरोबर न्यावी.