अश्मरीभंजन

मूत्रमार्गातील किंवा पित्तमार्गातील खडा शरीराच्या आतच फोडून त्याचे तुकडे बाहेर काढणे किंवा आपोआप बाहेर जाऊ देणे, या उपचारपद्धतींना अश्मरीभंजन म्हणतात. गोव्यात रुग्ण नुसते ‘खडा फोडून घेतला’ एवढेच सांगतो. पण मुतखडा आणि पित्ताचा खडा यांचे घटक आणि बाहेर पडण्याची वाट वेगळी असल्यामुळे एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

बस्तीतील म्हणजे मूत्राशयातील अश्मरी (खडा) शस्त्राने काढताना ती फुटू नये, तिचा चुरा होऊ नये, कारण मागे राहिलेला अल्प चुराही पुन्हा वाढतो, अशी ताकीद सुश्रुतसंहितेत आहे. खडा मुद्दाम आतच फोडण्याची रीत पॅरिसच्या झां सिव्हिआल यांनी १८२४ मध्ये रूढ केली. चीर न देता मूत्रमार्गातून सरकवलेल्या उपकरणाने ते मूत्राशयातला खडा चुरडत. मूत्रपिंडातला खडा बाहेरून फोडण्यासाठी मात्र ७ फेब्रुवारी १९८० उजाडावा लागला. त्या दिवशी म्युनिकमध्ये ख्रिस्तियान शॉसी यांच्या चमूने पहिल्या रुग्णावर आघात-तरंगांचा, म्हणजे बाहेरून सोडलेल्या दाबाच्या तीव्र लहरींचा, उपचार केला. ते यंत्र डॉर्निए या विमान कंपनीचे होते. अतिवेगवान विमानांवर आदळणाऱ्या पावसाच्या थेंबांनी धातूची हानी कशी होते, या अभ्यासातून त्याची कल्पना निघाली होती.

आरंभी रुग्णाला पाण्याच्या टाकीत बसवत असत. आता टेबलावर निजवून पाण्याने भरलेली उशी कमरेला टेकवतात. क्ष-किरण किंवा सोनोग्राफीने खडा नेमका हेरला की मिनिटाला साठ ते नव्वद याप्रमाणे दोन-तीन हजार ठोके देतात, आणि कोणी दारावर एकसारखी टिचकी मारावी तसा आवाज खोलीत घुमत राहतो. पुढचा दिवसभर लघवी गुलाबीसर होते. ती गाळणीतून गाळायला सांगतात, म्हणजे वाळूसारखे कण तपासणीला मिळतात. सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, फार कठीण नसलेल्या खड्यांना ही पद्धत मानवते. गरोदरपणात किंवा रक्त गोठण्याचा दोष असताना ती वापरत नाहीत. मोठ्या खड्यासाठी पाठीतून छिद्र पाडून मूत्रपिंडात दुर्बीण घालतात, तर मूत्रवाहिनीत अडकलेला खडा खालून दुर्बीण नेऊन होल्मियम लेसरने फोडतात. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) मूत्रविकारांचा स्वतंत्र विभाग आहे.

गोव्याच्या दमट उकाड्यात घाम फार जातो, पाणी त्या मानाने कमी प्यायले जाते आणि लघवी दाट होते. घरोघरी आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या तांबड्या भाजीत ऑक्झलेट भरपूर असल्याने कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वारंवार होणाऱ्यांना ती बेताने खायला सांगतात. कुळथाच्या कढणावर लोकांचा मोठा विश्वास आहे. त्याने पोटात पाणी जाते हे खरे, शिवाय चार-पाच मिलिमीटरचे खडे बहुधा आपसूकच पडतात, त्यामुळे श्रेय कढणाला मिळते. कळांबरोबर थंडी वाजून ताप आला तर मात्र कढण करीत बसणे धोक्याचे असते. अशा वेळी डॉक्टरही खडा लगेच फोडत नाहीत, आधी नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करतात.

पित्ताशयातल्या खड्यांवरही १९८५ पासून म्युनिकमध्ये आघात-तरंग वापरून पाहण्यात आले. खडे फुटले, पण अडचण पुढेच होती. मूत्रपिंडात लघवीचा ओघ कण वाहून नेतो. पित्ताशयाची नळी अरुंद आणि आतून वळ्यांची असते. तुकडे विरघळवण्यासाठी महिनोन्‌महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या घ्याव्या लागत, आणि तरीही सुमारे निम्म्या रुग्णांना पाच वर्षांत पुन्हा खडे होत, कारण खडे घडवणारी पिशवी जागच्या जागीच राही. त्याच वर्षी जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढून दाखवले. पित्त यकृतात तयार होत असल्याने पिशवीवाचून पचन चालते, म्हणून त्रासदायक खड्यांसाठी तीच शस्त्रक्रिया रूढ झाली. ‘शेजाऱ्याचा मुतखडा लेसरने फुटला, मग माझी पिशवी का काढता?’ या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

पित्ताच्या मुख्य नलिकेत घसरलेला खडा मात्र आजही फोडतात. तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेऊन नलिकेचे तोंड रुंद करतात व खडा तारेच्या टोपलीत धरून ओढतात. तो मोठा असल्यास टोपली आवळून तिथेच चिरडतात, आणि त्यालाही दाद न देणारा खडा नलिकेत बारीक दुर्बीण घालून लेसरने किंवा विजेच्या ठिणगीने फोडतात.