फोल्ड म्हणजे घडी नाही, पदर

मागच्या दिवाळीत अमळनेरला बहिणीकडे गेलो होतो, भाचा एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतोय, तो ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला. एका इंग्रजी रिसर्च पेपरातलं वाक्य माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामा, हाई तिप्पट शे का चौपट?" वाक्य एवढंच की अमुक खत दिल्यावर मातीतले बॅक्टेरिया थ्री-फोल्ड वाढले. तिप्पट की चौपट यावर तो अडला होताच, वर त्याला फोल्ड म्हणजे घडी हेही माहीत, म्हणून त्याने कागद घेऊन तीन घड्या घालून पाहिल्या तर पदर आले आठ, मग आठपट तर नाही ना? एका शब्दाची तीन उत्तरं, तीन, चार आणि आठ. मला हा प्रश्न इतका आवडला की तेव्हापासून ज्याला त्याला सांगतोय.

उत्तर तीन. म्हणजे आधी १० होते तर आता ३०.

का ते गोधडीवरून पटकन कळतं. लुगड्याची घडी घातली की पदर दर वेळी दुप्पट होतात, २, ४, ८. पण गोधडी शिवताना आजी काय करायची, एक जुनं लुगडं अंथरायची, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं, आणि मग टाके. ही झाली तीन पदरांची गोधडी. थ्री-फोल्ड मधला फोल्ड हा या गोधडीतला आहे, तो किती वेळा दुमडलं ते मोजत नाही, एकूण पदर किती झाले ते मोजतो, आणि सगळ्यात खालचं लुगडं, जे आधीपासून होतं, तेही त्या तीनात धरलेलं असतं. मूळचा पदर धरून मोजायचं, सगळी गोम इथेच आहे.

गंमत म्हणजे हा विचार फक्त इंग्रजांचा नाही. लॅटिनमध्ये दुमडणे याला जे क्रियापद आहे त्यातूनच मल्टिप्लाय आणि डुप्लेक्स हे शब्द आलेत. आणि आपल्याकडे? संस्कृतात गुण म्हणजे दोरीचा पेड, द्विगुण म्हणजे दोन पेडी, म्हणजे आपण शाळेत गुणाकार गुणाकार करत होतो तेव्हा दोरीचे पेडच मोजत होतो. पट या शब्दाचा एक अर्थ तर कापडच. कुणी कापडाचे पदर धरले कुणी दोरीचे पेड, पण मोजायची रीत एकच. म्हणून मी म्हणतो की फोल्ड दिसला की सरळ पट वाचा. टेन-फोल्ड म्हणजे दहापट, वन पॉइंट फाइव्ह फोल्ड म्हणजे दीडपट, इंग्रजीत जे ओढूनताणून वाटतं ते आपल्याकडे दीडपट अडीचपट असं सहज बोललं जातं. फक्त बऱ्हाणपूरकडचा कुणी पाहुणा असेल तर चौपट जपून वापरा, हिंदीत त्याचा अर्थ वाटोळं झालं असा होतो 🙂

इंग्रजीत लिहिताना आकडा अक्षरात असेल तर फोल्ड त्याला चिकटून येतो, अंकात असेल तर मध्ये हायफन. आणि कधी कधी टू-फोल्डचा अर्थ दुप्पट नसून दुहेरी असतो, उद्देश टू-फोल्ड आहे म्हणजे उद्देशाला दोन बाजू आहेत.

आता चौपट कुठून आलं? तर "तिपटीने वाढ" या शब्दांतून. १० मध्ये १० च्या तिप्पट म्हणजे ३० अजून घातले की ४० होतात, असाही कुणी अर्थ लावू शकतो, आणि टक्क्यांत बोललं की खरंच तसं होतं, १०० टक्के वाढ म्हणजे दुप्पट, २०० टक्के वाढ म्हणजे तिप्पट. टक्के फक्त वरून घातलेली लुगडी मोजतात, फोल्ड सगळी गोधडी मोजतो. म्हणून मराठीत लिहिताना "तिपटीने वाढलं" ऐवजी "तिप्पट झालं" लिहावं असं माझं ठाम मत आहे, वाद उरतच नाही. कमी होताना तर अजून घोळ. थ्री-फोल्ड घट म्हणजे ३०० टक्के घट नव्हे, १०० टक्क्यांतच सगळं संपतं, त्याचा अर्थ एवढाच की आता तिसरा हिस्सा उरला.

भाच्याच्या लॅबमध्ये हे रोज लागतं. मातीतले बॅक्टेरिया मोजायचे तर नमुना टेन-फोल्ड पातळ करत जातात, आणि १ मिली नमुन्यात पाणी घालायचं ९ मिली, १० नाही, कारण एकूण १० व्हायला हवं, मूळचा १ धरून. चुकून दर वेळी १० मिली पाणी घातलं तर ते इलेव्हन-फोल्ड होतं. एकदा चुकलं तर फरक छोटा वाटतो, पण अशा सहा पायऱ्या असल्या तर १० लाखपट ऐवजी १७ लाख ७१ हजार पट पातळ होतं, म्हणजे तुम्ही १० लाखाने गुणून जो आकडा लिहिता त्याच्या पावणेदोनपटीहून थोडे जास्तच बॅक्टेरिया खरे असतात. एका मिलीपायी.

केळीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. टिश्यू कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये कोंबापासून रोपं वाढवताना, समजा एका कोंबाचे दर फेरीला तीन होत असतील तर पाच फेऱ्यांनी १५ नाही, २४३ होतात, कारण पट पटीवर चढते. आणि केळीवरून आठवलं, सोललेल्या केळाच्या टोकाला बोट दाबून पहा, ते तीन फाकांत उकलतं. याला थ्री-फोल्ड सिमेट्री म्हणतात, इथे गुणाकार नाही, पूर्ण गोल फिरवताना आकार किती वेळा स्वतःशी जुळतो ते मोजायचं. भेंडी आडवी कापली की बहुतेक वेळा फाइव्ह-फोल्ड दिसते. स्फटिकांत अशी पाच किंवा दहाची जुळणी शक्यच नाही असं धरून चालले होते, १९८२ मध्ये शास्त्रज्ञ डॅन शेख्तमान यांना एका मिश्रधातूत ती दहाची जुळणी दिसली, आधी फार विरोध झाला, आणि २०११ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता आठपटीचं काय, कारण भाच्याची ती घडी वाया गेलेली नाही. पीसीआर ही डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत, कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेली, तिच्यात दर फेरीला डीएनए दुप्पट होतो, अगदी लुगड्याच्या घडीसारखा. सगळं नीट चाललं तर १० घड्यांना १०२४, २० ला साडेदहा लाखांच्या आसपास, ३० ला १०७ कोटी. म्हणून जनुकांचा (जीन्सचा) अभ्यास करणारे लोक टेबलात एक वेगळा कॉलम ठेवतात, लॉग टू फोल्ड चेंज, आणि तिथे मात्र खरंच घड्या मोजलेल्या असतात, १ म्हणजे दुप्पट, २ म्हणजे चौपट, ३ म्हणजे आठपट. शून्य म्हणजे जैसे थे.

त्या पेपरात असा कॉलम खाली होताच. एका ओळीत उणे २ होतं. भाच्याने कागद परत हातात घेतला, दोन घड्या उलगडल्या आणि म्हणाला, "म्हणजे चौथा हिस्सा उरना."