डोक्यावरची बॅग आणि पायाशी ठेवायची बॅग

मावशीची बॅग पुण्यात चालली, दिल्लीत चालली आणि युरोपातल्या एका स्वस्त विमानाच्या गेटवर अडली. बॅग तीच, ५५ सेंटिमीटरची, चार चाकांची ट्रॉली. तिकिटावर ‘एक छोटी केबिन बॅग मोफत’ असं लिहिलेलं होतं आणि मावशीच्या हिशेबाने ही छोटीच होती, घरातल्या तीन बॅगांतली सगळ्यात छोटी. पण गेटवरच्या लोखंडी साच्यात ती काही केल्या शिरेना. शेवटी बॅगेचे पैसे मावशीच्या सीटपेक्षा जास्त झाले.

घोळ शब्दाचा आहे. ‘केबिन बॅग’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात. एक डोक्यावरच्या कप्प्यात जाणारी, म्हणजे आपली ट्रॉली. दुसरी पुढच्या सीटखाली, आपल्या पायाशी सरकवायची. हिला कुणी ‘पर्सनल आयटम’ म्हणतं, कुणी ‘स्मॉल केबिन बॅग’. दोन्ही घेऊनच आपण विमानात चढतो, त्यामुळे फरक कळत नाही.

भारतात तो कळायची वेळही येत नाही, कारण इथे दोन्ही मोफत असतात. इंडिगोचं उदाहरण घ्या. ५५×३५×२५ सेंटिमीटरची, ७ किलोपर्यंतची एक बॅग आणि वर ३ किलोपर्यंतची लॅपटॉप बॅग किंवा पर्स. आपल्याकडे काउंटरवर घासाघीस होते ती वजनाची. ‘साडेसात भरतंय, जरा काहीतरी काढा’ हे वाक्य कुणी ऐकलं नसेल? टेप लावून बॅग मोजताना मात्र क्वचितच कुणी दिसतं.

युरोपातल्या स्वस्त विमानांत नेमकं उलटं. तिथे साध्या तिकिटावर फक्त पायाशी ठेवायची बॅग मिळते आणि गेटवर बघतात ते माप. रायनएअर आणि विझएअर यांचं माप ४०×३०×२०, ईझीजेटचं ४५×३६×२०. डोक्यावरच्या कप्प्यात ट्रॉली ठेवायची तर वेगळे पैसे भरायचे. तेही तिकीट काढतानाच भरलेले बरे, गेटवर दर चढलेला असतो.

सेंटिमीटरवरून अंदाज येत नसेल तर लिटरमध्ये बघा. इंडिगोच्या मापाची ट्रॉली ४८ लिटरची. रायनएअरची मोफत बॅग २४ लिटरची, बरोबर निम्मी. दोन जीन्स, चार टीशर्ट, आतले कपडे, चार्जर आणि चिवड्याची एक पिशवी, एवढ्यात ती भरते. बूट पायातच घालून जायचे.

यात आणखी एक मेख आहे. पैसे भरून डोक्यावरची जागा घेतली, तरी आपली ट्रॉली तिथे बसेलच असं नाही. रायनएअरचं मोठ्या बॅगेचं माप ५५×४०×२० आहे, म्हणजे रुंदीला आपल्यापेक्षा ऐसपैस, पण जाडीला २०च. इंडिगोच्या २५ सेंटिमीटर जाडीत बरोबर बसणारी बॅग इथे पाच सेंटिमीटरने हरते. विझएअर २३ पर्यंत सोडतं, ईझीजेट ५६×४५×२५ पर्यंत. त्यामुळे जाडीचा आकडा आधी बघायचा, उंचीचा नंतर.

बँकॉक-बालीकडे जाणाऱ्यांसाठी तिसराच प्रकार. एअरएशियात दोन्ही बॅगा नेता येतात, पण दोन्हींचं मिळून वजन ७ किलो. तिथे ट्रॉलीचं स्वतःचंच वजन नडतं. रिकामी कडक ट्रॉली अडीच-तीन किलो भरते, मग सामानाला उरतात चार. अशा प्रवासाला कापडी डफल बरी.

हे सगळं आलं कुठून? विमानात सीट जितक्या, तितक्या ट्रॉल्या डोक्यावर मावत नाहीत. चढताना लोक जागा शोधत बसले की विमान उशिरा सुटतं, आणि स्वस्त विमानांचा धंदा तर विमान जमिनीवर कमीत कमी थांबण्यावर चालतो. हे एक कारण. दुसरं कारण उघड आहे, बॅगेचे पैसे. रायनएअरने नोव्हेंबर २०१८ पासून साध्या तिकिटावरची मोफत ट्रॉली बंद केली. स्पेनने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा आकारणीवरून पाच विमान कंपन्यांना मिळून सुमारे १८ कोटी युरोंचा दंड ठोठावला. तरी पैसे घेणं थांबलेलं नाही. निदान रायनएअरने २०२५ मध्ये मोफत बॅग २० लिटरवरून २४ वर नेली. आकडे असे मधूनच हलतात, म्हणून तिकीट काढताना कंपनीच्या साइटवरचं माप त्याच दिवशी बघून घ्या, भाच्याने मागच्या वर्षी सांगितलेलं नको.

आता दुकानात. ‘केबिन साइज’ अशी चिठ्ठी लावलेली बॅग म्हणजे डोक्यावरचीच, पायाशी ठेवायची नव्हे. २० इंच म्हणजे जवळपास ५१ सेंटिमीटर, पण हे माप कधी नुसत्या खोक्याचं असतं, कधी चाकांसकट. चाकं आणि मुठीचा उंचवटा धरून टेप लावायचा, आणि तोही बॅग ठासून भरल्यावर. पुढच्या खणात स्वेटर कोंबला की २० ची जाडी सहज २४ होते.

पायाशी ठेवायच्या बॅगेसाठी माझा उपाय अगदी गावठी आहे. पुठ्ठा कापून ४०×३०×२० चं खोकं करायचं आणि भरलेली सॅक त्यात सोडायची. ऑफिसची लॅपटॉप सॅक बहुधा ४५ च्या पुढे असते. ती मऊ असेल आणि वरचा भाग रिकामा ठेवला तर दुमडून बसते. पाठीला कडक पॅडिंग असेल तर नाही बसत. मऊ कापड चार सेंटिमीटर दबतं, चाकं दबत नाहीत, म्हणून इथे चाकांची बॅग मी घेतच नाही.

मुंबईहून युरोपात मोठ्या विमानाने जाऊन तिथे आतल्या आत स्वस्त विमानाने फिरणाऱ्यांनी ही सॅक घडी करून मोठ्या बॅगेत टाकावी. मोठी बॅग मुलाच्या किंवा पुतण्याच्या घरी ठेवायची आणि चार दिवस सॅकवर काढायचे. दोघं असाल तर एकाच ट्रॉलीचे पैसे भरा, जड कपडे तिच्यात.

आणि गेटवर ट्रॉली काढून घेऊन विमानाच्या पोटात टाकायची वेळ आलीच, तर हातातून सोडण्याआधी पॉवर बँक बाहेर काढा. ती खाली सामानात चालत नाही. मावशीची तळाशी होती, चकलीच्या डब्याखाली. अख्खी बॅग गेटसमोर उपसावी लागली, आणि मागे रांग.