डॅक्समधील ‘व्हार’ आणि ओळीगणिक चालणारी सूत्रे: पार्श्वभूमी

डॅक्स ही मायक्रोसॉफ्टची, तक्त्यांतील आकड्यांवर हिशेब करण्याची सूत्रभाषा २०१० मध्ये एक्सेलच्या पॉवरपिव्होट या पुरवणीबरोबर आली, तेव्हा सम-एक्स (ओळीगणिक मोजून बेरीज करणारे) आणि फिल्टर (अटीत बसणाऱ्या ओळी निवडणारे) यांसारखी तक्त्याच्या एकेका ओळीवरून फिरणारी फंक्शन्स तीत होती. मधले उत्तर नाव देऊन बाजूला ठेवण्याची सोय मात्र नव्हती. एका फेरीच्या आत दुसरी फेरी लावली की बाहेरच्या ओळीतील किंमत आतून वाचण्यासाठी ‘अर्लियर’ हे फंक्शन वापरावे लागे. ‘या वस्तूपेक्षा महाग वस्तू किती’ एवढे साधे मोजतानाही ते लागे, आणि त्याचा संबंध काळाशी नसून एक पायरी बाहेरच्या ओळीशी आहे, हे नावावरून कळण्यासारखे नव्हते.

२०१५ मध्ये ‘व्हार’ (किंमतीला नाव देण्यासाठी) आणि ‘रिटर्न’ (त्यानंतर अंतिम उत्तर सांगण्यासाठी) हे शब्द भाषेत आले आणि ही अडचण संपली. किंमत आतली फेरी सुरू होण्यापूर्वीच एका नावाखाली ठेवता येऊ लागली. अधिकृत दस्तऐवजही आता ‘अर्लियर’ऐवजी हाच मार्ग सुचवतात.

खरा गुंता केला तो ‘व्हार’ ज्याचे लघुरूप आहे त्या ‘व्हेरिएबल’ या शब्दाने. शाळेपासून आपण ज्याला चल म्हणतो ते बदलते, आणि बहुतेक प्रोग्रामिंग भाषांतही बदलते. डॅक्समधील व्हार एकदा मोजला की बदलत नाही. तो जिथे लिहिला तिथल्या संदर्भात, म्हणजे तिथे लागू असलेल्या ओळी आणि फिल्टर यांनुसार, त्याची किंमत ठरते, जिथे वापरला तिथल्या नव्हे. समजा, तीन दुकानांची विक्री २००, ३०० आणि ५०० आहे. ‘एकूण विक्री’ हे मेजर (नाव देऊन ठेवलेले हिशेबाचे सूत्र) सम-एक्सने दुकानांवरून फिरवले, तर प्रत्येक ओळीवर त्या दुकानापुरती विक्री निघते आणि बेरीज १००० येते. तेच मेजर सम-एक्सच्या बाहेर व्हारमध्ये ठेवून आत फक्त नाव लिहिले, तर प्रत्येक ओळीवर १०००च मिळतात आणि बेरीज ३००० होते. व्हारची ओळ सम-एक्सच्या आत सरकवली की उत्तर पुन्हा १०००. अशा व्हारला कॅल्क्युलेट या फिल्टर बदलून हिशेब करणाऱ्या फंक्शनमध्ये घालून मागील वर्षाचा फिल्टर लावला, तरी आकडा चालू वर्षाचाच राहतो, आणि अहवालात वाढ शून्य टक्के दिसते. सूत्र त्रुटी दाखवत नाही, म्हणून ही चूक पुष्कळदा बैठकीतच उघडी पडते.

हा भाषेचा दोष असल्याची तक्रार तेव्हापासून होत आली आहे. प्रस्तुत लेखकाला नियम योग्य वाटतो, कारण एकदा ठरलेली किंमत सूत्रात कुठेही विश्वासाने वापरता येते. नाव मात्र ‘स्थिरांक’ या अर्थाचे हवे होते. एक्सेलच्या साध्या सूत्रांत २०२० मध्ये आलेल्या ‘लेट’ने ‘व्हेरिएबल’ हा शब्द टाळून तसेच काम केले.

२०२५ मध्ये डॅक्समध्ये वापरकर्त्याने स्वतः फंक्शन लिहिण्याची सोय चाचणी स्वरूपात आली, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. तिथे फंक्शनला दिलेली बाब आधी मोजून आत पाठवायची, की सूत्र म्हणून पाठवून आतल्या संदर्भात मोजायची, हे ‘व्हॅल’ आणि ‘एक्स्प्र’ या शब्दांनी सांगता येते.